कुठवर पसरला आहे? : फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ फुप्फुसाच्या कर्करोगाचा इतिहास बहुधा अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या एका शस्त्रक्रियागृहापासून सांगितला जातो. ५ एप्रिल १९३३ रोजी तिथे डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले आणि तो रुग्ण बरा झाला. पुढचा इतिहास मग विजयांच्या यादीसारखा वाचता येतो. आजचा धागा मात्र त्या यादीत न बसणाऱ्या रुग्णांविषयी आहे. निदान झाले तेव्हाच यांचा रोग फुप्फुसाबाहेर गेलेला होता. हे रुग्ण संख्येने कधीच थोडे नव्हते. आजही जगातील जवळपास निम्मे रुग्ण याच अवस्थेत डॉक्टरांपुढे येतात.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे दूर जातात आणि तिथे नवी गाठ धरतात. तिला आपण दुय्यम गाठ म्हणू. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुय्यम गाठी मेंदू, हाडे, यकृत, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि दुसरे फुप्फुस येथे विशेष आढळतात. यकृतातली अशी गाठ फुप्फुसाच्याच पेशींची असते, म्हणून तिला यकृताचा कर्करोग म्हणत नाहीत. या धाग्यात दोन प्रश्न वारंवार येतील. रोग कुठवर पसरला आहे, हे कसे कळायचे? आणि पसरलेला असेल, तर उपचाराचे यश कशाने मोजायचे?

३/ कर्करोगाच्या या प्रसाराला वैद्यकीय नाव दिले ते फ्रेंच वैद्य जोसेफ रेकामिए यांनी, १८२९ मध्ये. त्या काळी प्रसार दिसत असे तो मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या टेबलावर. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी कुठेही यदृच्छेने होत नाहीत, काही अवयवांतच त्या अधिक रुजतात, असे त्यांना आढळले. त्यांनी शेतीची उपमा वापरली : बी सर्वत्र पडते, उगवते मात्र मानवेल त्याच मातीत. ही उपमा आजही कर्करोगशास्त्रात वापरली जाते.

४/ फुप्फुसाच्या कर्करोगाला तेव्हा कुणी फारसे गंभीरपणे घेत नव्हते. १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. आयझॅक अॅडलर यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी वैद्यकीय वाङ्मय धुंडाळले, तेव्हा हाती लागली केवळ ३७४ प्रकरणे. इतक्या दुर्मीळ रोगावर ग्रंथ लिहिणे सयुक्तिक आहे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. रोग खरोखरच विरळ होता. सिगारेटचे युग नुकते उगवत होते. पण विरळ वाटण्याचे दुसरेही कारण होते. खोकला, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे क्षयाचीही होती, आणि क्षय घरोघरी होता. जिवंतपणी क्षय ठरलेला रोग मृत्यूनंतर कर्करोग निघे, तोही शवविच्छेदन झाले तरच.

५/ जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याची सोय दोन मार्गांनी झाली. १८९५ च्या नोव्हेंबरात व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्षकिरणांचा शोध लागला. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रायबुर्गच्या गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड ताठ नळीच्या साहाय्याने बाहेर काढले. ब्राँकोस्कोपीचा तो आरंभ. क्षकिरणांनी सावली दिसू लागली आणि नळीने त्या सावलीचा तुकडा तपासायला मिळू लागला. सावली कशाची, हे ठरवण्याचा अधिकार सूक्ष्मदर्शकाकडे गेला. आजही बायोप्सीवाचून हे निदान पक्के मानले जात नाही.

६/ आता १९३३ कडे येऊ. ग्रॅहम यांचे रुग्ण जेम्स गिलमोर हे स्वतः पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ होते. फुप्फुसाचा एक भागच काढायचा, असा बेत होता. छाती उघडल्यावर गाठ अपेक्षेपेक्षा पुढे गेलेली दिसली आणि ग्रॅहम यांनी टेबलापाशीच निर्णय घेऊन संपूर्ण फुप्फुस काढले. गिलमोर वाचले, पुन्हा व्यवसाय करू लागले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. या एका शस्त्रक्रियेने असाध्य रोग साध्याच्या कोटीत आला. अट एकच होती. रोग फुप्फुसातच असायला हवा होता.

७/ ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढणारे होते आणि तंबाखूवरच्या आरोपाविषयी आरंभी साशंकही होते. अर्न्स्ट विंडर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे अभ्यासाचा प्रस्ताव आणला. दोघांनी मिळून ६८४ रुग्णांची माहिती जमवली आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लंडनहून रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यास आला. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता : या रोगाचा धूम्रपानाशी घनिष्ठ संबंध आहे. स्वतः जमवलेला पुरावा ग्रॅहम यांना मान्य करावा लागला आणि त्यांनी सिगारेट सोडली.

८/ १९५७ च्या आरंभी ग्रॅहम यांच्या छातीचे क्षकिरण चित्र घेण्यात आले. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता आणि तो दोन्ही फुप्फुसांत होता. ज्या शस्त्रक्रियेने त्यांचे नाव अजरामर केले, ती त्यांच्या स्वतःच्या कामाची उरली नव्हती. ४ मार्च १९५७ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांनी वाचवलेले गिलमोर त्यांच्यामागे काही वर्षे हयात होते.

९/ ही कथा नियतीचा खेळ म्हणून सांगितली जाते. मला ती इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. ग्रॅहम यांचे जीवन पाठ्यपुस्तकात आले. त्यांचा मृत्यू ज्या रुग्णवर्गात झाला, तो वर्ग मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर राहिला. शस्त्र एका जागी चालते. रोग अनेक जागी असेल तर सर्वत्र पोहोचणारे औषध हवे, आणि असे औषध शोधण्याची वाट युद्धातल्या विषारी वायूपासून सुरू झाली.

१०/ पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूने बाधित सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होत, हे वैद्यांनी टिपले होते. त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य १९४२ मध्ये येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला देण्यात आले. गाठी वितळल्या, पुढे त्या परतही आल्या. युद्धकाळ असल्याने हे संशोधन १९४६ पर्यंत गुप्त राहिले. शिरेतून दिलेले द्रव्य शरीरभर जाऊन गाठ लहान करू शकते, ही आधुनिक केमोथेरपीची पहिली ग्वाही होती.

११/ हेच द्रव्य न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३५ रुग्णांना दिले. १९४८ मध्ये त्यांचा लेख आला. रोग बरा झाल्याचा दावा त्यात नाही. काहींचा श्वास मोकळा झाला, काहींच्या वेदना कमी झाल्या, आणि हा आराम अल्पकाळच टिकला. मग या उपचाराला यश म्हणायचे की अपयश? गाठीचा आकार मोजून उत्तर मिळेना. म्हणून त्यांनी माणूस मोजायचे ठरवले.

१२/ कार्नोफ्स्की मोजपट्टी ० ते १०० अशी आहे. १०० म्हणजे कोणतीही तक्रार नाही, ० म्हणजे मृत्यू. ७० म्हणजे रुग्ण स्वतःचे आवरू शकतो, पण कामधंदा करू शकत नाही. ५० म्हणजे त्याला पुष्कळ मदत लागते. अंथरुणातून उठता येते का, आपल्या हाताने कपडे घालता येतात का, अशा घरगुती प्रश्नांना वैद्यकाच्या दप्तरात प्रथमच असा अंक मिळाला. आजही पसरलेल्या कर्करोगावर तीव्र औषध द्यावे की नाही, हे ठरवताना ही मोजपट्टी किंवा तिच्यावरून पुढे निघालेल्या पट्ट्या वापरतात. या इतिहासातील पहिले टिकाऊ साधन असे एका मोजमापाचे निघाले. ज्या औषधासाठी ते तयार झाले, ते मागे पडले.

१३/ रुग्णाला स्वतःला मात्र काय सांगत? २३ सप्टेंबर १९५१ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे डावे फुप्फुस बकिंगहॅम राजवाड्यातच काढण्यात आले. जाहीर पत्रकात फुप्फुसातील 'रचनात्मक बदलां'चा उल्लेख होता. कर्करोग हा शब्द राजालाही सांगितला गेला नाही. हा केवळ राजघराण्याचा संकोच नव्हता. १९६१ मध्ये शिकागोत झालेल्या पाहणीत ९० टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे कल दर्शवला. १९७९ च्या अशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एका व्यवसायाची नीती उलटी झाली. आपल्याकडे 'त्यांना सांगू नका' अशी विनवणी नातेवाईक आजही करतात. तेव्हा हा इतिहास अजून चालू आहे.

१४/ दरम्यान 'कुठवर' या प्रश्नाला शिस्त येत होती. फ्रान्सचे पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात टीएनएम पद्धत मांडायला घेतली : मूळ गाठ केवढी, लसिकाग्रंथींत गेली का, दूरच्या अवयवांत गेली का. १९६० च्या दशकात तोक्योचे शिगेतो इकेदा यांनी लवचिक ब्राँकोस्कोप घडवला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. पुढे सबंध शरीराचे सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅन आले. पूर्वी शवविच्छेदनात दिसणाऱ्या दुय्यम गाठी आता रुग्ण चालत-बोलत असताना दिसू लागल्या.

१५/ इथे साधनचिकित्सेचा एक उत्तम धडा आहे. १९८५ मध्ये येलचे अॅल्व्हन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन पिढ्यांची तुलना केली : १९५३ ते १९६४ चे रुग्ण आणि १९७७ चे रुग्ण. नव्या पिढीचे आयुर्मान प्रत्येक टप्प्यात सुधारलेले दिसले. मग त्यांनी तेच रुग्ण स्कॅनऐवजी लक्षणांनुसार विभागले. तेव्हा दोन पिढ्यांमधला फरक मावळला. टप्प्याटप्प्यांतली ती प्रगती उपचाराची नव्हतीच. रुग्णांचे वर्गीकरण बदलले होते.

१६/ हे कसे घडते? शाळेच्या दोन तुकड्या घ्या. अ तुकडीत तिघांना ६०, ७० आणि ८० गुण आहेत, सरासरी ७०. ब तुकडीत दोघांना ३० आणि ४०, सरासरी ३५. आता ६० गुणांचा मुलगा ब तुकडीत पाठवा. अ ची सरासरी ७५ होते, ब ची ४३ च्या वर जाते. एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नाही. छुप्या दुय्यम गाठी असलेला रुग्ण पूर्वी 'न पसरलेल्या' गटात मोजला जाई. नव्या स्कॅनने त्याला 'पसरलेल्या' गटात नेले. तो पहिल्या गटात सर्वांत अशक्त होता आणि दुसऱ्या गटात सर्वांत सशक्त ठरला. दोन्ही गटांचे आकडे सुधारले. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१७/ खरा बदल सावकाश आला. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विद्युत्प्रवाहाचा जिवाणूंवर होणारा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण ते विजेने नव्हे. प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून सुटलेल्या संयुगांनी. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. त्याचा फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात उपयोग होतो का, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. १९९५ मध्ये ५२ चाचण्यांतील ९,३८७ रुग्णांच्या माहितीचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग पुढे गेलेल्या रुग्णांत सिस्प्लॅटिनयुक्त उपचाराने एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दहांनी वाढत होते. लाभ लहान होता, पण तो सिद्ध झाला होता.

१८/ यानंतर भिंत लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने चार वेगवेगळ्या केमोथेरपी योजनांची तुलना केली. चौघींत कुणीही सरस ठरली नाही. मध्यक आयुर्मान आठ महिन्यांच्या आतबाहेर, म्हणजे ७.९ महिने. निम्मे रुग्ण यापेक्षा कमी जगले, निम्मे अधिक. औषधांची अदलाबदल करून आता फार काही साधणार नाही, असे अनेकांना वाटू लागले.

१९/ त्याच वर्षी जपानमध्ये जेफिटिनिब ही गोळी मंजूर झाली. पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर नावाच्या प्रथिनाकडून येणारा वाढीचा संदेश ती अडवते. बहुसंख्य रुग्णांना तिचा उपयोग होईना, आणि काहींना फुप्फुसाचा प्राणघातक दाहही झाला. मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांचे आयुर्मान लक्षणीय वाढले नाही. सरासरीच्या हिशेबाने औषध अनुत्तीर्ण होते. तरीही डॉक्टरांच्या स्मरणात काही रुग्ण राहिले. विशेषतः कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रिया आणि पूर्व आशियातील रुग्ण. यांच्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्या होत्या.

२०/ २००४ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी याचा उलगडा केला. या रुग्णांच्या गाठींत ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल होते. २००९ मध्ये पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. जनुकबदल असलेल्यांत गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली. तो नसलेल्यांत केमोथेरपीच चांगली ठरली. एकाच नावाखाली दोन निराळे रोग मोजले जात होते. दोघांच्या सरासरीत दोघेही दिसेनासे झाले होते.

२१/ येथून 'निदान' या शब्दाचा अर्थच बदलला. पूर्वी कर्करोग आहे, कुठे आहे आणि पेशी कोणत्या जातीच्या आहेत, एवढे पुरे होते. आता त्याच तुकड्यातून जनुकेही वाचावी लागतात. २००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाला एएलके जनुकाची विकृत जोडणी सापडली. चारच वर्षांत तिच्यावरची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. मात्र रोगही स्वस्थ बसला नाही. २००५ मध्येच जेफिटिनिबला दाद न देणारा नवा जनुकबदल आढळला होता. त्याला पुरून उरणारे ओसिमर्टिनिब हे औषध २०१५ मध्ये आले. पुढे ते पहिलाच उपचार म्हणून दिले, तेव्हा ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ३८.६ महिने नोंदले गेले.

२२/ ज्यांच्या गाठीत असा बदल नाही, त्यांच्यासाठी दुसरे दार उघडले. १९९२ मध्ये क्योतोचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ हे प्रथिन सापडले होते. शरीराच्या संरक्षक पेशींना आवर घालणारा तो लगाम आहे, आणि कर्करोग तोच लगाम खेचून धरतो. लगाम सोडवणारी औषधे २०१५ पासून फुप्फुसाच्या कर्करोगात मंजूर होऊ लागली. या मार्गाच्या मूलभूत संशोधनासाठी २०१८ चे नोबेल होंजो आणि जेम्स अॅलिसन यांना मिळाले. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन भरपूर होते, अशा निवडक रुग्णांत पाच वर्षांनी ३१.९ टक्के हयात होते. केमोथेरपीपासून आरंभ केलेल्या गटात १६.३ टक्के. निवडक हा शब्द इथे विसरू नये.

२३/ कार्नोफ्स्कींचा प्रश्न तरीही जागेवरच होता : जगणे कसे आहे? २०१० मध्ये बोस्टनच्या जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी नुकतेच पसरलेल्या रोगाचे निदान झालेले १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्यासोबत आरंभापासूनच परिहार सेवा, म्हणजे वेदना, धाप, भीती आणि पुढचे निर्णय यांसाठी वेगळे वैद्यकीय पथक. दुसऱ्या गटाचे जगणे अधिक सुसह्य झाले. शेवटच्या काळात त्यांनी जालीम उपचारही कमी घेतले. तरीही ते अधिक जगले : ८.९ ऐवजी ११.६ महिने. परिहार सेवा म्हणजे हात टेकणे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

२४/ या इतिहासात मुंबईचेही पान आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना आश्रम हा देशातला पहिला हॉस्पिस उभा राहिला. २०२० मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, दुष्परिणामही वाढले. ही औषधे आपल्याकडे जेनेरिक रूपात मिळतात. नव्या महागड्या गोळ्या ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांच्यासाठी जुन्याच औषधांतून अधिक काय काढता येईल, असा हा प्रश्न होता. औषधाचा शोध आणि औषध घरी पोहोचणे यांच्या तारखा वेगळ्या असतात. दोन्ही इतिहासात नोंदवल्या पाहिजेत.

२५/ आणि क्षयाची ती जुनी सावली? ती आपल्याकडे पुरती हटलेली नाही. क्षय अजूनही सर्वत्र असल्याने छातीतला डाग क्षयाचा मानून महिनोन्महिने औषधे दिली जातात आणि कर्करोगाला पसरायला तेवढा अवधी मिळतो. सीटी आणि जनुकचाचण्यांच्या काळात अॅडलर यांच्या १९१२ च्या अडचणीत सापडलेला रुग्ण आपल्या तालुक्याच्या गावी भेटू शकतो. एकाच देशात, एकाच दिवशी, वैद्यकाची अनेक शतके शेजारी-शेजारी नांदत असतात.

२६/ म्हणून समारोपाला एवढेच. वैद्यकाच्या इतिहासात जगण्याचा आकडा भेटला की त्यात कोण मोजले गेले, कोण गळाले आणि कोणत्या तुकडीतून कोणत्या तुकडीत गेले, हे विचारत जा. ग्रॅहम यांच्या शस्त्रक्रियेची तारीख लक्षात ठेवा. त्यांच्या मृत्यूचीही ठेवा. हा धागा इतिहासाचा आहे, उपचाराचा सल्ला नव्हे. घरात कुणाला हे निदान झाले असेल, तर गाठीची जनुकचाचणी झाली आहे का आणि परिहार सेवा कधीपासून घेता येईल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. दोन्ही प्रश्नांमागे कित्येक दशकांची वाट आणि ती चाललेल्या असंख्य अनाम रुग्णांचे ऋण आहे.